भुता, तुझा नियम काय?



दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण वडोदऱ्याहून आमच्याकडे इंदूरला आली होती. सोबत नऊ वर्षांची भाची. पहिल्याच रात्री लक्षात आलं की ही मुलगी दिवा बंद करू देत नाही. रात्री बाथरूमला जायचं तर आईला उठवते, आणि आई दाराबाहेर उभी आहे ना याची दर दोन सेकंदांनी हाक मारून खात्री करून घेते.

"काय झालं गं हिला?" मी बहिणीला विचारलं.

झालं होतं ते असं. शाळेच्या बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रिकामा जिना. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकदम कॅमेऱ्यासमोर एक चेहरा येतो आणि किंचाळतो. संपला व्हिडिओ! जेमतेम अर्ध्या मिनिटाचा प्रकार, पण पोरीची दोन महिन्यांची झोप घेऊन गेला.

"आता तूच समजाव तिला," बहीण म्हणाली. "भुताखेतांचे सिनेमे तूच बघतोस ना? वर त्यावर लिहितोससुद्धा!"

बोलणं लागलं मला, पण बरोबर होतं. तुम्ही हे सदर नेहमी वाचत असाल तर तुम्हाला माहीतच आहे, मारधाड, भूतबाधा आणि अंतराळातले प्राणी यांच्यावर माझा फार जीव. मग विचार करू लागलो. लहानपणी मीही खूप घाबरलोय. पण माझी झोप दोन महिने का नाही गेली? आजचा लेख त्याच विचारातून आलाय.

(एक सूचना: 'तुंबाड' आणि 'टर्मिनेटर २' यांचे शेवट पुढे सांगितले आहेत. पाहिले नसतील तर ते परिच्छेद तूर्तास सोडून द्या.)

बाहुला आणि दोन भुवया

'झपाटलेला' १९९३ साली आला. महेश कोठारे दिग्दर्शक, लक्ष्मीकांत बेर्डे नायक आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. आमच्या इंदुरात तेव्हा मराठी सिनेमा कुठला लागायला! काकाने पुण्याहून व्हिडिओ कॅसेट आणली आणि शेजारपाजारच्या चार मराठी घरांतली पोरं आमच्या हॉलमध्ये जमली.

हसलो खूप, आणि घाबरलोही तेवढेच. रामदास पाध्यांचा तो बाहुला हलायला लागला की मी उशी डोळ्यांवर घ्यायचो. त्या रात्री मी बहिणीची बाहुली कपाटावर नेऊन ठेवली, तोंड भिंतीकडे करून. (ती आठवण बहिणीने अजून सोडलेली नाही.)

पण झोप लागली. का लागली, ते आता कळतंय. तात्या विंचूला नियम होते. मंत्राच्या जोरावर त्याचा आत्मा बाहुल्यात शिरलाय. बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला जाता येईल, म्हणजे लक्ष्याच्या. आणि त्याला मारायचं तर गोळी नेमकी दोन भुवयांच्या मधोमध लागायला हवी.

म्हणजे एक, तो माझ्या मागे लागलेला नाही, लक्ष्याच्या मागे लागलाय. दोन, त्याला मरण आहे. माझ्याकडे बंदूक नव्हती, पण कुठे मारायचं ते मला ठाऊक होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराला झोपायला तेवढं पुरतं.

आता भाचीचा व्हिडिओ बघा. तो चेहरा कुणाचा? माहीत नाही. त्याला काय हवंय? माहीत नाही. तो कुठे येतो, कुठे येत नाही, कशाला घाबरतो? काहीच माहीत नाही. मग तो कुठेही येऊ शकतो. वडोदऱ्याच्या जिन्यावर येतो तसा इंदूरच्या बाथरूममध्येही येऊ शकतो. घाबरवून झालं की व्हिडिओ संपतो, भीती मात्र तिथेच राहते.

तेव्हा माझं मत असं: चांगला भयपट, चांगला मारधाडपट आणि चांगला विज्ञानपट यांच्यात एक गोष्ट सारखी असते. तो सुरुवातीला नियम सांगतो आणि शेवटपर्यंत पाळतो. लपंडावात राज्य घेणाऱ्याने शंभरपर्यंत आकडे मोजायचे असतात, तसंच. मध्येच डोळे उघडले तर खेळ मोडतो.

बस थांबवायची नाही

सगळ्यात सोपं उदाहरण 'स्पीड'चं. १९९४ सालचा, यान द बाँट यांचा. लॉस एंजेलिसच्या एका सिटी बसमध्ये बॉम्ब. बसने ताशी ५० मैलांचा, म्हणजे साधारण ८० किलोमीटरचा वेग गाठला की बॉम्ब चालू होणार. नंतर वेग त्याच्या खाली आला की स्फोट. झाला सिनेमा!

(आपल्याकडच्या सिटी बसला हा धोका नाही. ८० चा वेग गाठणारच नाही, म्हणजे बॉम्ब चालूच होणार नाही.)

हा एक नियम कळला की पुढे कुणी काही समजावायची गरज उरत नाही. समोर सिग्नल आला, आपल्या पोटात गोळा. वळण आलं, पुन्हा गोळा. रोजच्या रस्त्यावरची प्रत्येक साधी गोष्ट जीवघेणी होते. चालकाला गोळी लागते आणि स्टिअरिंग येतं सँड्रा बुलकच्या हातात. तिचं लायसन्स कशासाठी काढून घेतलेलं असतं? वेगात गाडी चालवल्याबद्दल! हा विनोदसुद्धा त्या नियमातूनच आलाय.

पुढे अर्धवट बांधलेल्या पुलावरून बस उडी मारते, ते मला आजही पटत नाही. रस्ता सरळ असताना बस हवेत वर कशी उचलली जाते? पण हरकत नाही. तिथे सिनेमाने विज्ञानाला फसवलंय, स्वतःच्या नियमाला नाही. वेग ५० च्या वर ठेवायचा, म्हणून तर उडी मारायची. मी माफ करतो.

ज्या घरात बोलायचं नाही

आता 'अ क्वाएट प्लेस', २०१८ चा. जॉन क्रासिन्स्कीने दिग्दर्शन केलंय आणि वडिलांचं कामही केलंय. आईच्या भूमिकेत एमिली ब्लंट, जी खऱ्या आयुष्यातही त्याची बायको आहे. पृथ्वीवर असे प्राणी आलेत ज्यांना दिसत नाही, पण ऐकू फार येतं. आवाज केला की मेलात. एवढाच नियम.

हा कुटुंबाचा सिनेमा आहे, म्हणून या मासिकात त्याच्याबद्दल आवर्जून लिहितोय. ही माणसं अनवाणी चालतात, वाटेवर वाळू पसरून ठेवतात, हातांच्या खुणांनी बोलतात. मोठ्या मुलीला ऐकू येत नाही, आणि ते काम केलंय मिलिसेंट सिमंड्स या मुलीने, जिला खरोखरच ऐकू येत नाही. घरात खुणांची भाषा आधीपासूनच होती, म्हणून हे घर तगून राहिलंय.

आणि मग आपल्या लक्षात येतं की आई गरोदर आहे.

थांबून विचार करा जरा. आवाज केला की मरण, हा नियम. आणि घरात येणार कोण, तर जगातला सगळ्यात मोठा आवाज करणारा जीव. बाळंतपण आवाज न करता कसं व्हायचं? नवजात बाळाला गप्प बस म्हणून कोण सांगणार? एका नियमाने घरातला सगळ्यात आनंदाचा क्षण सगळ्यात भीतीचा करून टाकला. प्राणी किती दात दाखवतो याला मग काही महत्त्व उरत नाही.

जिन्यावर एक खिळा वर आलेला असतो. आपल्याला तो दिसतो, घरातल्यांना दिसत नाही. त्यानंतर जिन्यावरून कुणीही उतरलं की माझ्या पायाचा अंगठा आपोआप आत वळतो. एका खिळ्याने केलेलं हे काम मोठमोठ्या भुतांना जमलेलं नाही.

या सिनेमाबद्दल एक शंका सगळेच काढतात. धबधब्याजवळ मोठ्याने बोललं तरी चालतं, हे सिनेमातच दाखवलंय. मग ही मंडळी धबधब्याजवळच का राहत नाहीत? शंका रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही. पण निदान शंका नियमाबद्दल आहे. नियम असला की प्रेक्षकही घरातलाच एक होऊन उपाय शोधू लागतो.

आणखी एक, यात संवाद अगदी थोडे आहेत. घरातल्या आजीला इंग्रजी येत नसलं तरी काही अडत नाही. माझ्या आईने पूर्ण पाहिला आणि शेवटी एवढंच म्हणाली, "त्या पोराला ते विमान द्यायलाच नको होतं." पहिल्या दहा मिनिटांतलं ते खेळणं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

कणकेची बाहुली

आता आपल्या मातीतला. 'तुंबाड', हाही २०१८ चाच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, मुख्य भूमिकेत सोहम शाह. सिनेमा हिंदी आहे, पण वाडा, पाऊस, माणसं, नावं सगळं आपलं. याचं मूळ बीज मराठी भयकथांचे बादशहा नारायण धारप यांच्या कथेत आहे. पहिल्यांदा आला तेव्हा फार चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चांगल्या गोष्टीला उशिरा का होईना माणसं सापडतात.

हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनंही हवं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून त्याच्या लंगोटात सोन्याची नाणी भरलेली आहेत आणि पोट कायमचं रिकामं आहे. विनायकराव विहिरीतून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कारण हस्तर ते ओलांडू शकत नाही. मग कणकेची बाहुली टाकतो. हस्तर ती खाण्यात गुंतला की पटकन जमतील तेवढी नाणी काढायची आणि दोर धरून वर.

किती साधे नियम! पीठ, बाहुली, नाणी. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असतं तेच पीठ.

पण खरी गंमत शेवटी आहे. सन १९४७. वाडा हातातून जाणार. विनायकरावांचा मुलगा बापाला सुचवतो की चार-चार नाणी कशाला, लंगोटच पळवू. मग हस्तरला जास्त वेळ गुंतवून ठेवायला बाप-लेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात. हिशेब अगदी बरोबर वाटतो. आणि खाली कळतं की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर.

मला विचाराल तर हिंदी भयपटांत याहून चांगला प्रसंग मी पाहिलेला नाही. सिनेमाने नियम मोडला नाही. तो नियम पूर्णपणे ठाऊक आहे असं बाप-लेकाला वाटलं, एवढंच. हाव दुप्पट झाली की संकटही दुप्पट होतं, हे कुणी भाषण देऊन सांगत नाही. बाहुल्या मोजल्या की झालं. शेवटी बाप बाहुल्या अंगाला बांधून सगळ्यांना आपल्यामागे ओढतो, मुलगा वाचतो. त्या विद्रूप झालेल्या बापाने पुढे केलेला लंगोट मुलगा घेत नाही. तीन पिढ्यांची हाव तिथे थांबते.

हा सिनेमा मुलांना दाखवू नका. मोठ्यांनी मात्र पाहाच, आणि शक्यतो पावसाळ्यात.

जो रोबो स्वतःला संपवू शकत नाही

विज्ञानपटातलं माझं लाडकं उदाहरण 'टर्मिनेटर २', १९९१, जेम्स कॅमेरॉन. भविष्यातून आलेला यंत्रमानव दहा वर्षांच्या जॉनचं रक्षण करतो. नियम असा की जॉन सांगेल ते त्याने ऐकायचं. जॉन सांगतो, माणसं मारायची नाहीत. मग हा पठ्ठ्या पायांवर गोळ्या घालतो! पुढे पोलिसांच्या गाड्यांवर तुफान गोळीबार करतो आणि त्याच्या डोळ्यांतल्या पडद्यावर मृतांचा आकडा येतो: शून्य. थिएटरात टाळ्या पडायच्या त्या गोळीबाराला नाही, त्या शून्याला.

शेवट आठवा. वितळलेल्या पोलादाच्या कारखान्यात शत्रू संपलाय, पण याच्या स्वतःच्या डोक्यातली चिपही नष्ट व्हायला हवी. आणि इथे दुसरा नियम येतो, की तो स्वतःला संपवू शकत नाही. म्हणून बटण जॉनच्या आईच्या हातात द्यावं लागतं. जॉन रडतो, ओरडतो, नको जाऊ म्हणून हुकूम देतो. आणि संपूर्ण सिनेमाभर जॉनचं ऐकणारा तो यंत्रमानव पहिल्यांदाच ऐकत नाही.

एक नियम पाळून आणि एक नियम मोडून डोळ्यांत पाणी आणलं. नियम मोडायचा तर असा मोडावा, आपण का मोडतोय ते प्रेक्षकाला कळेल असा.

आणि जिथे मला फसवलं गेलं

आता वाईट वाटून लिहितो. 'ज्युरासिक पार्क' माझा जीव की प्राण. १९९३ चा सिनेमा, आमच्याकडे हिंदीत आला तेव्हा मी तीनदा पाहिला. टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या ग्लासमधलं पाणी थरथरतं, तो प्रसंग कोण विसरेल? नियम पक्का बसला: हा प्राणी इतका अवजड आहे की चालला की जमीन हादरते.

आणि शेवटी? छोटे डायनासोर नायकाला आणि त्याच्या सोबतच्यांना घेरतात आणि टी-रेक्स इमारतीच्या आत, अगदी जवळ येऊन उभा! ना हादरा, ना आवाज, ना थरथरणारं पाणी. मांजरासारखा आला. लहानपणी मी शिट्टी मारली होती. आता प्रत्येक वेळी मनात येतं, "अहो स्पीलबर्ग, पाणी का नाही हललं?"

तरी आवडतोच म्हणा. पण मला वाचवायला तो नियम मोडून आला, म्हणून मी तक्रार केली नाही. घाबरवायला असा चोरपावलांनी आला असता, तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं. आजकालचे पुष्कळ भयपट नेमकं हेच करतात. भूत आरशात दिसतं, मग छतावर, मग फोनमध्ये. ते लोखंडाला घाबरतं म्हणतात आणि पुढच्याच प्रसंगात लोखंडी दार उघडून आत येतं. दर पाच मिनिटांनी मोठा आवाज. आपण दचकतो, पण ते कुणी मागून फटाका लावला तरी दचकलोच असतो. त्यात सिनेमाचं काय कौतुक?

पुन्हा भाचीकडे

तर दुसऱ्या दिवशी दुपारी फराळाचं ताट घेऊन मी भाचीजवळ बसलो. भूत नसतं, असं काही मी तिला सांगितलं नाही. ते तिच्या आईने शंभर वेळा सांगून झालं होतं. मी म्हटलं, "त्या भुताचे नियम काय आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते कुठे येतं, कुठे येत नाही, कशाला घाबरतं. प्रत्येक भुताला नियम असतात. तुझ्या व्हिडिओवाल्यांनी सांगायचे राहून गेले. आपण लिहू."

तिने चकली संपवली, हात फ्रॉकला पुसले आणि गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. अर्ध्या तासात तीन नियम तयार झाले.

एक, ते फक्त रिकाम्या जिन्यावर येतं. वडोदऱ्याच्या त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यावर एक कुत्रा झोपतो, म्हणजे तो जिना रिकामा धरायचा नाही.

दोन, त्याला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते. का? "कारण मलापण वाटते," ती म्हणाली. हे कारण मला एकदम मान्य झालं.

तिसरा नियम मात्र मला कधीच सुचला नसता. "त्याला मराठी येत नाही," ती म्हणाली. "व्हिडिओ इंग्लिश होता. त्याला हिंदी आणि गुजराती शाळेत शिकता येईल. पण मराठी फक्त आमच्या घरात बोलतात. म्हणून मी मराठीत हाक मारली तर मी कुठे आहे ते त्याला कळणारच नाही."

परमुलखात राहून घरात मराठी टिकवायची म्हणून आपण काय काय कारणं देतो! इतकं चोख कारण मी आजवर ऐकलं नव्हतं.

भीती एका दुपारीत गेली असं मी म्हणणार नाही. कालच बहिणीचा फोन आला, पॅसेजमधला दिवा अजून चालू ठेवावा लागतो. पण आईला उठवणं बंद झालंय. रात्री बाथरूमला जाताना ती आता एकटीच जाते, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणते, "आई, मी चालले गं!"

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरातल्या मुलांच्या हातात मोबाइल असतोच, आणि असले अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचतातच. मूल घाबरलं तर "काही नसतं तसं, झोप" म्हणून दिवा मालवू नका. शेजारी बसा आणि विचारा, त्या भुताचा नियम काय? नियम त्यालाच ठरवू द्या.

आणि पुढच्या सुट्टीत भाचीला 'झपाटलेला' दाखवायचं कबूल केलंय. तिने विचारलं, "त्या बाहुल्याला मराठी येतं?"

"येतं," मी म्हटलं.

ती जरा गंभीर झाली. "मग आपण बघताना गुजरातीत बोलू."

पुन्हा भेटू. तोवर बघत राहा, आणि घाबरलात तर लाजू नका.